मास्तरांच्या दगडावरचं इंग्रजी

श्रीरामपूर,
८ ऑक्टोबर १९७२

प्रिय आक्कास,
शांतवनचा सप्रेम सलाम.

तुझा कागद मिळाला. बाबांच्या कबरेवरच्या दगडासाठी इंग्रजी ओळ तू लिहून द्यायची, असं आईसमोर ठरलं होतं, म्हणून मी गप्प बसलो. तू राजूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतेस आणि मी साखर कारखान्याच्या काट्यावर बसून उसाच्या पावत्या फाडतो. तेव्हा इंग्रजी तुझ्या वाट्याला आणि दगड आणायची यातायात माझ्या वाट्याला. ती वाटणी मला मान्य होती. दगड मी बैलगाडीतून निंबेवाडीच्या कबरस्तानात नेऊन टाकलाही. पण आक्का, हे काय लिहून पाठवलंस?

‘त्याने सेवा केली, त्याने प्रेम केलं, हाकारला तेव्हा निघाला’ अशा अर्थाची ओळ आहे. अर्थाला माझी हरकत नाही. पण ई-डीची तीन क्रियापदं आणि तिन्ही मोडकी. शेवटी सरळ ई-डी लिहायचं, तर तिन्ही ठिकाणी ई खाऊन टाकलास आणि त्याच्या जागी वर ते स्वल्पविरामासारखं शेपूट लावलंस. म्हणजे बाबांचीच जुनी खोड. दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत असं लिहीत असतील, आणि मिशनच्या शाळेत बाबांच्या हाती तसलीच जुनी पुस्तकं पडली असतील. पण आज कोण लिहितं असं?

चर्चच्या पाळकसाहेबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फार सभ्यपणे विचारलं, "शांतवनराव, ताईंनी हे घाईत लिहिलंय का?"

अल्लाबक्ष पाथरवटाची तर वेगळीच तऱ्हा. त्याला इंग्रजी नाही, मराठीही वाचता येत नाही. त्याची रीत अशी, की ज्याला अक्षर येतं त्याने दगडावर खडूने आखून द्यायचं आणि हा रेघेवरून छिन्नी चालवणार. तो कागद उलटासुलटा करून म्हणाला, "समदं कोरतो, पर हे वर बारकं काय हाय? लोक म्हनतील अल्लाबक्षचा हात घसरला, टवका उडाला."

अठरा फेब्रुवारीला बाबांना वर्ष होईल. त्याच्या आत दगड उभा राहिला पाहिजे. यंदा पावसाने तोंड दाखवलं नाही, कबरेची माती वाऱ्याने उडून चाललीय. आईने चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्यात, नाहीतर कबर कुठली ते कळणार नाही म्हणते. दर रविवारी मला एकच विचारते, "शांतू, दगड कवा हुभा ऱ्हानार?" तेव्हा नीट ई-डी लावून दुसरा कागद ताबडतोब पाठव.

तुझा,
शांतवन


राजूर,
१९ ऑक्टोबर १९७२

शांतू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोकं असं फिरलं, की अकरावीच्या वर्गावर जाऊन मी दहावीचा धडा सुरू केला. मुलं बिचारी पुस्तकाची पानं उलटत राहिली.

मोडकी म्हणे. ती मोडकी नाहीत, ती तशीच आहेत. तो ई तोंडाने कोणी म्हणत नाही, म्हणून जुने लोक तो लिहीत नसत. त्याची जागा दाखवायला वर खूण करत. जिथे ई म्हटला जातो तिथे तो ठेवत. बाबा काय म्हणायचे ते विसरलास का? "जे तोंडात नाही ते पाटीवर कशाला?" याहून सरळ नियम मला अजून कुठल्या व्याकरणात सापडलेला नाही.

तुला शाळा तपासायला आलेले ते इन्स्पेक्टर आठवतात का? तू लहान होतास. भर वर्गात त्यांनी बाबांच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावरच्या दोन क्रियापदांवर काट मारली. मी तिसऱ्या बाकावर होते. इन्स्पेक्टर गेले, बाबांनी फळा पुसला आणि तेच वाक्य पुन्हा तसंच लिहिलं, शेपटासकट. मला आजही तो फळा दिसतो आणि आजही राग येतो. दगड बाबांचा आहे. तो तुझा नाही, माझा नाही आणि त्या इन्स्पेक्टरचाही नाही.

पाळकसाहेबांना सांग, घाईत लिहिलेलं नाही. अल्लाबक्षला सांग, टवका नाही, खूण आहे. आणि तू अर्ध्या दिवसाची रजा काढून तो दगड आखून दे.

तुझी,
पुष्पावती


श्रीरामपूर,
२ नोव्हेंबर १९७२

प्रिय आक्का,
सलाम.

अर्ध्या दिवसाची रजा. गळीत सुरू झालंय, बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागते, आणि तू म्हणतेस रजा काढ. उंटावरून शेळ्या हाकणं फार सोपं असतं.

फळा तुला आठवतो. मला काय आठवतं ते सांगू? मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर. तू हुशार, घरात एक लिहायचीस आणि परीक्षेत दुसरं. मी वेडा, बापाचं खरं धरून चाललो. सगळा निबंध भूतकाळात होता आणि एका क्रियापदाला ई म्हणून लावला नाही. इंग्रजीतच गेलो. बाबा काय म्हणाले माहीत आहे? "परीक्षकाला वाचन नाही." झालं. परीक्षकाला वाचन नव्हतं म्हणून मी आज काट्यावर आहे. माझ्या बापावर माझं प्रेम होतं, पण ते शेपूट दगडावर बघायला मी दर रविवारी जाणार नाही.

आणि एक खरं सांग. तुझ्या पोरांनी वहीत असं लिहिलं तर तू काय करतेस?

परवा आईने विचारलं, "दगडावर काय लिवनार हाय?" मी म्हटलं, "इंग्रजी आहे, तुला नाही कळायचं." ती "बरं" म्हणाली आणि चुलीकडे गेली. तिला दगड उभा राहण्याशी मतलब आहे, बाकी आपलंच घोडं अडलंय.

शांतवन


राजूर,
२० नोव्हेंबर १९७२

शांतू,

लाल शाईने काट मारते. ऐकायचं होतं ना, ऐक. मला नोकरी करायची आहे आणि माझ्या मुलांना पास व्हायचं आहे. म्हणूनच म्हणते, वहीत नाही, परीक्षेत नाही, निदान दगडावर तरी त्या माणसाला त्याच्या मनासारखं लिहू दे. तिथे कोणी मार्क देणार नाही.

तुला रजा नाही, मलाही नाही. दिवाळीची सुट्टी मुलींच्या शिबिरात गेली. तेव्हा मी अल्लाबक्षलाच थेट पत्र टाकलं आहे. त्यात एकेक अक्षर बोटभर उंचीचं काढून दिलंय. तेवढं बघून त्याला कोरता येईल.

आईला कळायचं नाही हे खरंच. नाताळात येईन तेव्हा मी तिला अर्थ समजावून सांगेन.

पुष्पावती


श्रीरामपूर,
९ डिसेंबर १९७२

आक्का,

शाबास. ज्याला वाचता येत नाही त्याला पत्र टाकलंस.

अल्लाबक्षला घडाईचं काम नाही. अशा साली घर कोण बांधतो? तो दुष्काळी कामावर तलावाच्या बांधाला खडी फोडतोय. तुझं पत्र त्याला तिथेच मिळालं. त्याने ते मुकादमाला वाचायला दिलं आणि मुकादमाने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. माझा कागद त्याच्याकडे आधीच होता, ई-डीवाला. त्याचंही वाचन झालं. आता अख्ख्या बांधावर माहीत आहे, की दानियल मास्तराची दोन शिकलेली पोरं एका शेपटावरून भांडतायत. बायका म्हणे हसून हसून घमेली खाली ठेवतात.

रविवारी मी त्याला भेटलो. म्हणाला, "शांतवनदादा, कागदावरनं माझ्यानं न्हाई व्हायचं. दगडावर आखून द्या, एका दिसात कोरतो. सांगोवांगी दगड फुटत न्हाई." आणि इथलं काम संपत आलंय. पुढचा तलाव लांब आहे, तिकडे गेला की तो पावसाळ्यापर्यंत परत येत नाही.

नाताळात ये. येताना खडू घेऊन ये. एकदाचं काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे.

शांतवन


राजूर,
४ जानेवारी १९७३

चि. शांतू,
आशीर्वाद.

सुखरूप पोचले. एस.टी.त तुझ्यावर चडफडत होते, ते संगमनेरपर्यंत. तिथून पुढे स्वतःवर.

काय केलं आपण? तुझे केस कानाजवळ पिकलेत, माझे तर विचारूच नकोस, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघं बापाच्या कबरेशी उकिडवे बसून खडूवरून झोंबत होतो. मी आखलं, तू ओल्या फडक्याने पुसलंस. मी पुन्हा आखलं, तू पुन्हा फडकं बुडवलंस. कुठल्या पाण्यात बुडवलंस शांतू? विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने भरलेली कळशी होती ती. आई बाजूला उभी होती. तिने ना तुला थांबवलं ना मला. घरी आल्यावर भाकरी वाढली आणि विचारलं, "कालवन देऊ का?" ते मला अजून टोचतंय. ओरडली असती तर बरं झालं असतं.

निघायच्या आधी मी तिला तुझ्या मॅट्रिकबद्दल विचारलं. ती म्हणाली, "खरं हाय त्ये." मला बाबांनी सांगितलं होतं, शांतूने अभ्यास केला नाही. इतकी वर्षं मी तेच धरून चालले. तुझं पत्र वाचलं तेव्हाही वाटलं, सबब सांगतोयस. आता बाबांवर राग आलाय आणि तो काढायला बाबा नाहीत.

ई-डी लाव. तिन्ही ठिकाणी लाव. मुकादमाच्या पत्त्यावर अल्लाबक्षलाही तसं कळवलं आहे. माझी काही तक्रार नाही.

तुझी,
आक्का


श्रीरामपूर,
५ जानेवारी १९७३

प्रिय आक्का,
सलाम.

तू अजून रागातच असशील, तरी लिहितो.

काल काट्यावर मच्छिंद्र आला होता, निंबेवाडीचा. बाबांच्या हाताखाली सातवीपर्यंत होता, आता ऊस लावतो. पावतीवर सही करून त्याने खाली इंग्रजीत एकच शब्द लिहिला, ‘मोजला’ अशा अर्थाचा. ई गाळलेला, वर शेपूट. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "मास्तरनं शिकिवल्यालं. आपल्याला दुसरं कुटं येतंय." इतका खूष होता, आक्का. त्या एका शब्दाच्या जोरावर दरवर्षी पावतीवर तो असा रुबाब करतो म्हणे. मी मात्र नेहमी घाईत शिक्का मारून पावती फेकत आलो, कधी पाहिलंच नाही.

मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. मागचा गाडीवाला बोंबलायला लागला तेव्हा भानावर आलो.

तर तुझंच होऊ दे. शेपूट लावू. आज संध्याकाळी सायकलवर बांधावर जाऊन अल्लाबक्षला तसं सांगून आलो. तू येऊन तुझ्या हाताने आख. मी फडक्याला हात लावणार नाही.

शांतवन


श्रीरामपूर,
१५ जानेवारी १९७३

आक्का,

तुझं चारचं पत्र मिळालं. माझं पाचचं तुला मिळालं असेल. आता मी काय करू ते तूच सांग.

अल्लाबक्षने निरोप धाडून बोलावून घेतलं. तुझं नवं पत्र पुढे केलं आणि मला म्हणाला, "आदी बाई म्हनत हुती शेपूट पायजे, तुमी म्हनत हुता नको. आता तुमी म्हनता पायजे, बाई म्हनती नको. मास्तर जित्ते असते तर दोगांना बी उटाबशा काढाय लावल्या असत्या." मुकादम मान हलवत होता.

पण आता ई-डी मी लावू देणार नाही. मच्छिंद्रला काय तोंड दाखवू?

शांतवन


राजूर,
२७ जानेवारी १९७३

शांतू,

सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो हा असा. आयुष्यात एकदा मी तुझ्यापुढे माघार घेतली, तीही तुला घेववत नाही. शेपूट लावून त्या दगडाकडे बघताना मला तुझा मॅट्रिकचा पेपर दिसणार. मला ते नको आहे. मच्छिंद्रला त्याच्या पावतीवर हवं ते लिहू दे.

कंटाळा आलाय मला या प्रकाराचा, खरंच सांगते. मी शनिवारी, सतरा तारखेला रजा टाकून येते. दोघं मिळून काय ते ठरवू, आखू, आणि अल्लाबक्षला समोर बसवून कोरून घेऊ. अठराला उपासनेनंतर सगळे कबरेवर जातील तेव्हा दगड उभा असेल. तोवर कोणी दगडाला हात लावायचा नाही. आईला एवढं सांग, की काळजी करू नकोस.

आक्का


निंबेवाडी,
१२ फेब्रुवारी १९७३

चि. पुष्पा आनि चि. शांतू यास आईचे अनेक आशीर्वाद.

कागद शांतूच्या पत्त्यावर टाकती. शांतू, वाचून झाला की आक्काला धाड.

पुष्पा, तू सतराला येनार हाय म्हनं. ये. पर खडू आनू नगं. दगड हुभा ऱ्हायला.

बुदवारी अल्लाबक्ष आला. संगं त्याची बायकू चांदबी बी हुती, डोस्क्यावर बिऱ्हाड घेऊन. म्हनला, मास्तरीनबाय, आमी उंद्या फुडच्या तलावावर निगालो, आता पावसाळ्याबिगर येत न्हाई. आज कुनी आखून दिलं तर कोरून जातो, न्हाईतर दगड तसाच लोळत पडंल. मी म्हनलं, शांतूला बोलिवते. तो म्हनला, त्यो यील आनि म्हनंल आक्काला इचारतो. ते मला बी पटलं.

मग म्या इचार केला, मला बी आखता येतंय की.

तुमाला कुनी सांगितलं नसंल. लगीन झालं तवा मला अक्षर ठावं नव्हतं. आनि मी तुमच्या बापाचं नाव घेत नव्हते. आमच्या आईनं सांगून धाडलं हुतं, देऊळ बदललं तरी मालकाचं नाव बाईनं घ्यायचं न्हाई. शेजारनी नाव घ्या म्हनून छळायच्या, मी पदर तोंडात धरायची. तर ह्ये म्हनले, तोंडानं घ्यायचं न्हाई ना, मग लिवून घे. चुलीम्होरं बसून कोळशानं भुईवर शिकिवलं. समद्यात आदी ह्यांचंच नाव शिकले, माजं सवताचं मागनं. सारवलेल्या भुईवर मी रोज लिवायची आनि सासू यायच्या आत पुसायची. तोंडानं मी अजून बी घेतलेलं न्हाई.

चांदबीनं दगड पुसला, कोरड्या पदरानं. मी खडूनं नाव आखलं आनि फुडं मास्तर लिवलं. ल वाकडा झाला. अल्लाबक्ष म्हनला, नीट करून घेता का? मी म्हनलं, न्हाई, हाय तसा कोर. त्यानं वाकडा तो वाकडाच कोरला. दुपारच्याला गावातल्या चौगांनी मिळून दगड हुभा केला. मातीत चांगला ठोकलाय, हालत न्हाई. विटा मी घरी आनल्या.

काल रईवारी उपासना झाल्यावर म्होरं जाऊन बसले. नाव वाचलं. लई दिसांनी बरं वाटलं.

तुमी दोगं रागावू नगा. शांतू, तुज्या पेपराच्या टायमाला बापानं चुकीचं केलं, तवा मी त्यांच्याशी लई दीस बोलले न्हवते, त्ये तुला ठावं न्हाई. पुष्पा, तुज्यावर त्यांचा लई जीव. तुमा दोगांचं बी इंग्रजी बरूबर असंल. त्याच्यातलं मला काय कळतंय. पर तितं रोज जाऊन बसनारी मी हाय.

दगडाचा खालचा निम्मा भाग कोरा ठिवाय लावलाय. ती माजी जागा. मी गेल्यावर तितं तुमचं इंग्रजी घाला, शेपटाचं घाला न्हाईतर बिगर शेपटाचं घाला. मला कुटं वाचायचंय.

तुमची आई,
राहीबाई